राजारामपुरीचे दोन समुद्र

राजारामपुरीत कुणालाही समुद्र कुठे आहे असं विचारलं, तर हात पश्चिमेकडे जातो. शनिवारी रात्री बेत ठरवायचा, रविवारी पहाटे गाडी काढायची, आंबा घाट किंवा आंबोली उतरायची आणि दुपारी सुरमईच्या ताटावर बसायचं, हा कोल्हापूरकराचा समुद्र. गणपतीपुळे, मालवण, तारकर्लीचे रस्ते इथल्या पोरासोरांना तोंडपाठ असतात. पण राजारामपुरीची गटार नेमकी उलट्या दिशेला वाहते. या गल्ल्यांचं पाणी कोकणात उतरत नाही. ते नाल्यातून पंचगंगेत जातं, पंचगंगेतून कृष्णेत आणि कृष्णेबरोबर कर्नाटक, तेलंगण, आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळतं. माणसांचा समुद्र गाडीनं चार तासांवर आणि त्यांच्या कचऱ्याचा समुद्र हजार किलोमीटरच्या पलीकडे, देशाच्या दुसऱ्या कडेला.

म्हणून समुद्रातलं प्लास्टिक कमी कसं करायचं, हे या गावात बसून समजून घ्यायचं तर दोन प्रवास करावे लागतात. एक पाण्यामागून, दुसरा रस्त्यानं.

पहिला प्रवास सकाळी पायीच सुरू होतो. छत्रपती राजाराम महाराजांचं नाव लावणाऱ्या या वस्तीत गल्ल्यांना आकडे आहेत. पत्ता सांगताना माणूस आधी गल्लीचा नंबर सांगतो, मग घराचं नाव. मुख्य रस्त्यावरची दुकानं रात्री उशिरापर्यंत चालू असतात आणि दिवसभराचं झाडलेलं पायरीखाली येऊन पडतं. सकाळी महापालिकेचा टिपर गल्ल्यांतून फिरतो. टिपर चुकला, की पिशवीला गाठ मारून ती कोपऱ्यावर ठेवली जाते. अशा जागेला कोल्हापुरात कोंडाळा म्हणतात. लोखंडी कोंडाळा उचलून नेला, तरी त्या कोपऱ्याची सवय लवकर मोडत नाही.

त्या कोपऱ्यावर टिपरच्याही आधी कुणी पोचत असेल, तर ती कचरावेचक बाई. तिच्या पोत्यात काय जातं आणि खाली काय उरतं, हे पाच मिनिटं थांबून पाहिलं, की समुद्रातल्या प्लास्टिकचं निम्मं कोडं सुटतं. पाण्याची बाटली पोत्यात जाते, दुधाची पिशवी जाते, तेलाचा कॅन जातो, कारण भंगारवाला त्यांना किलोवर भाव देतो. वेफर्सचं चकचकीत पाकीट, शाम्पूची पुडी, माव्याचा प्लास्टिकचा तुकडा आणि पातळ कॅरीबॅग मागे राहते. चकचकीत पाकिटात वेगवेगळ्या प्लास्टिकचे थर आणि ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणं कुणालाच परवडत नाही. कॅरीबॅग इतकी हलकी, की किलोभर जमवायला शेकडो वेळा वाकावं लागतं, आणि ती खरकट्यानं माखलेली असली तर भंगारवाला हातही लावत नाही. ज्याला भाव नाही ते गटारीला जातं.

वर्षानुवर्षं हे काम करणाऱ्या बायकांना शहरं फार उशिरा ओळखू लागली. कोल्हापुरात अवनि आणि एकटी या संस्था कचरावेचक महिलांबरोबर काम करतात. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली. २००८ पासून तिच्या सभासद पुणे महापालिकेच्या कराराखाली दारोदार कचरा घेतात. कोंडाळ्यावरच्या ढिगातून वेचणं आणि दारातच ओला-सुका वेगळा हातात घेणं, यात त्या बाईच्या आरोग्याचा आणि मिळकतीचा मोठा फरक आहे. समुद्राचाही आहे, कारण दारात हातात घेतलेलं प्लास्टिक कोरडं राहतं आणि कोरड्यालाच भाव मिळतो.

कोल्हापूरचं स्वतःचं म्हणून एक प्लास्टिक आहे, ते पार्सलचं. मिसळ बांधून घेतली, तर फरसाण एका पिशवीत, कट दुसऱ्या, कांदा-लिंबू तिसऱ्या आणि पाव चौथ्या पिशवीत. तांबडा-पांढरा रस्सा नेला, तर गरम रश्श्यानं फुगलेल्या, गाठी मारलेल्या दोन पिशव्या हातात लोंबतात. घरी पोचायला दहा मिनिटं लागतात, तेवढंच त्या पिशव्यांचं आयुष्य. तेलकट झाल्या की त्या धुऊन कुणी ठेवत नाही. याच शहरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळली जाते, ग्लास भरून धारोष्ण दूध हातात येतं, पिऊन ग्लास परत जातो आणि मागे कचऱ्याचा कपटा राहत नाही. घरून डबा नेऊन रस्सा आणणारी माणसंही अजून दिसतात, आणि मागितलं तर वाढणारा नाही म्हणत नाही. शहराला जुनी रीत शिकवावी लागणार नाही, आठवली तरी पुरे.

राजारामपुरीच्या खालच्या अंगाला हुतात्मा पार्ककडे गेलं, की नाला भेटतो. शहरातून वाहणारे मोठे नाले दोन, गोमती आणि जयंती. नावं नदीला शोभावीत अशी आणि पाणी काळं. कडेच्या झुडपांना पिशव्या अडकलेल्या, पुलाच्या कमानीखाली थर्माकोलचे तुकडे गोल फिरत असलेले. पुढे हे पाणी व्हीनस कॉर्नर, दसरा चौकाच्या बाजूनं नदीकडे जातं. नदीआधी उपसा केंद्र आहे. तिथून सांडपाणी उचलून कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्रात पाठवलं जातं, ज्याची क्षमता दररोज ७६ दशलक्ष लिटर आहे. उपसा चालू असेपर्यंत जाळ्यांवर प्लास्टिक अडतं. मोठा पाऊस झाला, की नाला बांध ओलांडून सरळ पंचगंगेत उतरतो आणि वर्षभर गटारीत साठलेलं एका रात्रीत निघून जातं.

मल्लिनाथ कलशेट्टी महापालिकेचे आयुक्त असताना, २०१९-२० च्या सुमारास, दर रविवारी स्वच्छता मोहीम निघत असे. अधिकारी, तालमींची पोरं, स्वयंसेवी संस्था नाल्यात आणि घाटावर उतरत. खंड न पडू देता आठवड्यामागून आठवडे लोक येत राहिले, हे त्या मोहिमेचं बळ होतं. पण सोमवारी सकाळी कोपऱ्यावर पुन्हा पिशवी यायची. नाल्यातून काढण्यापेक्षा नाल्यात जाऊ न देणं स्वस्त पडतं, हे त्या रविवारांनी अनेकांना घाम गाळून पटवलं.

शिवाजी पुलावर आणखी एक धारा मिसळते, श्रद्धेची. घरातलं निर्माल्य नदीत सोडायचं म्हणून माणूस पुलावर गाडी थांबवतो, हात जोडतो आणि पिशवीसकट फुलं खाली सोडतो. फुलं कुजतात, पिशवी राहते. कोल्हापूरनंच या बाबतीत वेगळी वाटही दाखवली आहे. गणेशोत्सवात मूर्तिदान आणि निर्माल्यदान ही कल्पना अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी आणि परिवर्तनवादी मंडळींनी इथं नेटानं मांडली. सुरुवातीचा विरोध सोसला, आणि आज घाटावर निर्माल्याचे कुंड आणि काहिली दिसल्या, तर कुणाला नवल वाटत नाही.

प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून झालेली पंचगंगा नृसिंहवाडीपर्यंत सुमारे ८० किलोमीटर वाहते. मध्ये ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. दगडी खांबांमधल्या खाचांत पावसाळा संपला की बरगे बसवायचे, पाणी अडवायचं आणि पाऊस तोंडावर आला की बरगे काढायचे, ही त्यांची रीत. शेतीसाठी हा बंधारा इतका उपयोगी ठरला, की त्याला गावाचंच नाव चिकटलं. पण उन्हाळ्यात संथ झालेल्या त्या पाण्यावर केंदाळ वाढतं आणि केंदाळाच्या मुळ्यांत बाटल्या, पिशव्या, चपला, थर्माकोल गुंततात. बरगे निघाले, की हे सगळं जथ्यानं खाली निघतं. ज्या पाण्यानं २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ पाहिली, त्याच पाण्यावरून हा लोंढा पुढे सरकतो.

कोणतं प्लास्टिक किती लांब जाईल, हे त्याच्या जातीवर ठरतं. पिशव्यांचं पॉलिथिन आणि बाटलीच्या बुचाचं पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते तरंगत जातं. बाटलीचं पेट पाण्यापेक्षा जड. बूच घट्ट लावलेली रिकामी बाटली होडीसारखी तरते, पण बूच नसलेली पाणी भरून तळाशी बसते. म्हणूनच जगभरच्या किनाऱ्यांवर बुचं इतकी सापडतात. मोठा पूर मात्र हा हिशेब मोडून टाकतो. २०१९ आणि २०२१ साली राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ५५ फुटांची पातळी ओलांडली. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट आहे. अशा पुरात तळाचं वर येतं, काठावरचं पाण्यात जातं आणि पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या झाडांच्या उंच फांद्यांवर पिशव्या लटकत राहतात.

नृसिंहवाडीला कृष्णा भेटते. दत्ताच्या पादुकांपर्यंत पाणी चढलं, की दक्षिणद्वार सोहळ्यासाठी पंचक्रोशी लोटते. कृष्णेच्या पाण्यावर इतकी माया असलेला मुलूख दुसरा शोधावा लागेल. पुढे राजापूरचा बंधारा, मग कर्नाटक, अलमट्टी, नारायणपूर, तेलंगण आणि आंध्राच्या हद्दीवर श्रीशैलम, नागार्जुनसागर, शेवटी विजयवाड्याचा प्रकाशम बॅरेज. इतक्या भिंती ओलांडून राजारामपुरीची पिशवी जशीच्या तशी समुद्रात पोचेल, असं म्हणणं खोटं ठरेल. बरंचसं प्लास्टिक वाटेत अडतं, गाळात रुततं, काठाच्या शेतात पसरतं. पण उन्हानं ते ठिसूळ होतं, तुटतं, आणि तुटून पाच मिलिमीटरपेक्षा लहान झालं की त्याला सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. ते कुठलाही बॅरेज अडवत नाही आणि कुठलीही कचरावेचक बाई वेचू शकत नाही.

२०१५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात जेना जॅम्बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला होता, की २०१० या एका वर्षात जमिनीवरून समुद्रात गेलेलं प्लास्टिक ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टनांच्या दरम्यान असावं. २०२१ च्या दुसऱ्या एका अभ्यासानं नद्यांचं चित्र बदललं. तोवर समज असा, की मोजक्या महानद्याच हे पाप वाहून नेतात. नव्या हिशेबात नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे ८० टक्के प्लास्टिक हजाराहून जास्त नद्यांत वाटलेलं निघालं, आणि त्यांत शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्यांचा वाटा मोठा होता. समुद्र साफ करायला निघालेली ‘द ओशन क्लीनअप’ ही डच संस्थाही २०१९ पासून नद्यांच्या मुखाशी कचरा अडवणारी यंत्रं बसवू लागली. भर समुद्रातून उपसण्यापेक्षा नदीत अडवणं सोपं आणि नदीपेक्षा गल्लीत अडवणं त्याहून सोपं.

कायदा गल्लीपर्यंत आलेला आहे. महाराष्ट्रानं २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक आणि थर्माकोल वस्तूंच्या बंदीची अधिसूचना काढली आणि तीन महिन्यांनी, २३ जूनपासून कारवाई सुरू केली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांची कैद. देशभरातली एकदाच वापरायच्या काही वस्तूंवरची बंदी १ जुलै २०२२ ला आली. पहिल्या काही महिन्यांत बाजारात कापडी पिशव्यांचे ढीग लागले होते, भाजीवाल्या पिशवी आणली का विचारत होत्या. मग पातळ पिशव्या पुन्हा हातगाडीखालून निघू लागल्या. पिशवी बनवणाऱ्या कारखान्याचं दार बंद झाल्याशिवाय भाजीवालीकडून दंड घेऊन काही साधत नाही. आणि मघाचं चकचकीत पाकीट तर या बंदीत नव्हतंच. ते परत गोळा करण्याची जबाबदारी नियमांनी उत्पादकावर टाकली आहे, पण राजारामपुरीच्या कोपऱ्यावर ते अजून पडलेलंच दिसतं.

दुसरा प्रवास गाडीनं. कागल सोडलं की दूधगंगा, निपाणीआधी यमगर्णीला वेदगंगा. दोन्हीही शेवटी कृष्णेच्याच. निपाणीहून उत्तूर, आजरा. आजऱ्याजवळ रामतीर्थाला उड्या मारत जाणारी हिरण्यकेशी पाहून वाटतं, की ही तरी कोकणात जात असेल. ती उगम पावते आंबोलीला, घाटाच्या तोंडाशी, आणि वळते पूर्वेला. घटप्रभेला मिळून तीही कृष्णेत. उगमाशी गुहेतलं महादेवाचं मंदिर आणि स्वच्छ कुंड आहे. त्या कुंडातल्या लहानशा माशाची ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ म्हणून नवी जात नोंदवली गेली, आणि २०२१ साली ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. नदी जन्मताना किती नितळ असते, हे पाहायला कोल्हापूरच्या प्रत्येक शाळेची सहल इथं यायला हवी. तिथून थोड्याच अंतरावर धबधबा आहे. त्याचं पाणी पश्चिमेला पडतं, थेट अरबी समुद्राच्या वाटेला लागतं. पाऊस तोच, पठार तेच, आणि चार पावलांच्या अंतरानं समुद्र बदलतो. धबधब्याखाली रविवारी कणसं, भजी, वेफर्सची पाकिटं आणि ती पाकिटं पळवणारी माकडं. जिथं पाकीट टाकलं, त्यावर ते कुठल्या समुद्राचं हे ठरतं.

सावंतवाडीत चितारआळीत लाकडी फळं, भातुकली, बाहुल्या रंगवून मांडलेल्या असतात. प्लास्टिकच्या खेळण्यांनी त्यांचं बरंच गिऱ्हाईक नेलं, तरी ही आळी टिकून आहे. थांबून एखादं खेळणं घेण्यासारखंच आहे. तिथून तासाभरात वेंगुर्ला.

वेंगुर्ला म्हणजे जुनं बंदर, डचांची वखार, काजू, आंबा आणि दीपगृह. गेल्या दहा वर्षांत या गावाचं नाव मात्र कचऱ्यामुळे झालं. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना नगरपरिषदेनं आपलं कचरा डेपोचं आवार पालटून टाकलं. दुर्गंधीच्या जागी झाडं लावली, वाटा आखल्या आणि फलक लावला ‘स्वच्छ भारत पर्यटनस्थळ’. कचरा डेपो बघायला पर्यटक येतात, यावर आधी विश्वास बसत नाही. आत गेल्यावर बसतो. ओल्या कचऱ्याचा बायोगॅस आणि खत, पालापाचोळ्याच्या कांड्या, आणि प्लास्टिकचा चुरा करणारं यंत्र. तो चुरा डांबरात मिसळून गावात रस्ते केले गेले. ही युक्ती मूळची मदुराईच्या थियागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांची. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. भाव नसलेल्या पातळ पिशव्या आणि पाकिटं तापलेल्या खडीवर वितळून चिकटतात आणि डांबर त्यांना धरून ठेवतं.

पण वेंगुर्ल्याचं खरं यश यंत्रात नाही. ते दारात आहे. कचरा वेगवेगळा करून दिला तरच घ्यायचा, हे नगरपरिषदेनं धरून ठेवलं आणि कर्मचाऱ्यांनी घरोघरी जाऊन पुन्हा पुन्हा समजावलं. एकत्र कालवलेल्या कचऱ्यावर जगातलं कोणतंही यंत्र चालत नाही. वेंगुर्लं लहान गाव आहे, कोल्हापूर महानगरपालिका. लाईन बाजारच्या झूम प्रकल्पावर शहराचा कचरा डोंगरासारखा साचला, तो याच फरकामुळे, असं कुणी म्हणेल. ते अर्धंच खरं. राजारामपुरीची एक गल्ली वेंगुर्ल्याच्या एका आळीपेक्षा मोठी नाही, आणि कचरा वेगळा होतो तो गल्लीतच.

बंदरावर समुद्राची दुसरी बाजू कळते. जमिनीवरून आलेलं प्लास्टिक एक, आणि समुद्रातच सुटलेलं एक. पूर्वी जाळी सुताची, तागाची असत. तुटली तर कुजून जात. नायलॉन आल्यावर मच्छीमाराचे कष्ट कमी झाले, जाळं वर्षानुवर्षं टिकू लागलं, आणि खडकात अडकून तुटलेलं जाळंही तसंच टिकू लागलं. ते धन्याशिवाय मासे धरत राहतं, कासवं गुंतवत राहतं. रापण ओढताना तारली-बांगड्याबरोबर पिशव्या आणि दोरखंडाचे गुंते येतात, ते रापणकार वाळूवर बाजूला टाकतात. ते तिथंच राहिलं, तर पुढच्या भरतीला परत जातं. केरळात २०१७ साली कोल्लमजवळच्या शक्तिकुलंगरा बंदरात यावर तोडगा निघाला: ट्रॉलरनं जाळ्यात आलेलं प्लास्टिक पिशवीत भरून बंदरावर आणायचं, तिथं ते धुऊन, चिरून रस्त्यासाठी द्यायचं. महाराष्ट्रात वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांची वेगळी योजना २०१८ च्या अखेरीस सुरू झाली. जाळ्यात कासव किंवा देवमाशासारखा संरक्षित जीव सापडला आणि मच्छीमारानं जाळं कापून त्याला सोडलं, तर जाळ्याची २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. ज्याचं पोट जाळ्यावर आहे, त्याला नुसता उपदेश करून चालत नाही, हे ओळखणारी ही योजना आहे. तुटकं जाळं बंदरावर परत आणणाऱ्यालाही असेच चार पैसे मिळाले, तर किती जाळी परत येतील!

वेंगुर्ल्याजवळ वायंगणीचा किनारा आहे. थंडीत ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री वर येतात, वाळूत खड्डा करून अंडी घालतात आणि परत जातात. गावकरी घरट्याभोवती कुंपण करतात. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं निघतात आणि पाण्याकडे धावतात. त्या आधी किनारा झाडून घ्यावा लागतो, कारण तळहाताहून लहान पिल्लाला वाळूवरचा जाळ्याचा तुकडाही ओलांडता येत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला हे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ साली सुरू केलं आणि पुढे किनाऱ्यावरच्या अनेक गावांनी उचललं. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह यांनी २०१५ च्या ऑक्टोबरपासून दर आठवड्याला लोकांना घेऊन प्लास्टिक उपसलं. २०१८ च्या मार्चमध्ये त्या वाळूतून रिडलेची पिल्लं निघाली, तेव्हा बघायला आलेल्यांचे डोळे भरून आले.

याच जातीची कासवं पूर्वेलाही अंडी घालतात. कृष्णा जिथं समुद्राला मिळते, त्या हंसलादीवीच्या आसपासच्या त्रिभुज प्रदेशात, कृष्णा अभयारण्याच्या किनाऱ्यावर, आंध्रचं वन खातं त्यांची अंडी गोळा करून जपतं आणि पिल्लं पाण्यात सोडतं. वायंगणीत पिल्लं निघत असतात, त्याच महिन्यांत तिथंही निघतात. राजारामपुरीच्या कोपऱ्यावरून सुटलेलं पाणी त्यांच्याच वाळूशी पोचतं.